दोन कुलपांची साखळी

मार्च संपत आला की ओरिन डेकर माणसात राहत नाही, हे वेस्ट आल्डर गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तीस वर्षं त्याने रस्त्यावरचा बर्फ लोटायची गाडी चालवली. पहाटे तीनला उठायची सवय तेव्हा लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही, आणि लोटायला बर्फ नसला की त्या उठण्याचं करायचं काय, हे त्याला कधी उमगलं नाही. बूड टेकून बसणं त्याच्या नशिबातच नाही. जेवतानाही त्याचा एक पाय टेबलाखाली चालू असतो. त्याची बायको आर्लीन सांगते, लग्नात पाद्रीबाबा बोलत होते तेव्हासुद्धा हा खिशातल्या किल्ल्या वाजवत उभा होता.

यंदा मात्र त्याने कहर केला. एप्रिल उजाडला, मासेमारीचा हंगाम कागदोपत्री सुरू झाला, तरी आल्डरकिल जलाशयावरचा बर्फ जागचा हलला नव्हता. कडेकडेने काळा पडला होता, मधे राखाडी होता, आणि ओरिन दिवसातून चारदा गाडी काढून पुलावर जाऊन त्याच्याकडे बघून येत होता. दुकानात लोक विचारायचे, "काय ओरिन, ढकलून आलास का थोडा?" एरवी त्याने यावर दोन ऐकवली असती. यंदा तो नुसता कॉफी ओतून घ्यायचा आणि अर्धी तशीच ठेवून निघायचा.

घरी आला की माश्या बांधायला बसायचा. पाणी मोकळं झालं की ट्राऊट मासे काठाजवळच्या चंदेरी मासळीवर तुटून पडतात, म्हणून गळावर पांढरी पिसं आणि चकचकीत दोरा गुंडाळून त्या मासळीचं सोंग करायचं. त्यालाच आमच्याकडे माशी म्हणतात, मग ती दिसायला कशीही असो. वर्षाला तीन डझन पुरतात. ओरिनने पावणेदोनशे बांधल्या होत्या.

"गावातल्या कोंबड्या पिसांवाचून गारठून मरतील आता," आर्लीन म्हणाली.

"लागतात तेवढ्या."

"कुणाला लागतात? हॉबला फोन कर."

हे नाव निघालं की ओरिन उठायचा, टोपी घालायचा आणि परत पुलावर जायचा.

हॉबर्ट क्रॉम म्हणजे हॉब. वय एकाहत्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. चाळीस गाईंचा गोठा त्याने जवळपास एकट्याने चालवला, गाई विकल्या तेव्हा आठवडाभर कुणाशी बोलला नाही, आणि मग बोलला तो थेट ओरिनशी, होडीत बसून, बास माशांबद्दल. हॉब हा ओरिनच्या अगदी उलट. त्याला कुठेही बसवा, तो बसतो. एकतीस वर्षं बर्फ गेल्याच्या पहिल्या दिवशी हे दोघं एका होडीत बसून पाण्यात उतरले होते. सकाळी ओरिनचे ट्राऊट, ओढा जिथं जलाशयाला मिळतो तिथं. दुपारी हॉबचे बास, क्रॉमांच्या भिंतीवर. ही भिंत म्हणजे हॉबच्या आजोबांच्या शेताची दगडी हद्द. शहराला पाणी पाहिजे म्हणून खोरं बुडवलं तेव्हा ती खाली गेली. वसंतात ऊन तिच्या दगडांवर पडतं, दगड थोडे कोमट होतात, आणि थंडीने बधिर झालेले बास तिथं येऊन टेकतात. पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच ओरिन म्हणायचा, "चल, इथं काही नाही." एकतीस वर्षांत हॉबला भिंतीवर सलग तासभर कधी मिळाला नव्हता.

आणि आता नोव्हेंबरपासून दोघांचं बोलणं बंद होतं.

नोव्हेंबरात झालं ते असं. हंगाम संपत आला होता, संध्याकाळ होत होती, आणि ओरिनच्या गळाला आयुष्यातला सगळ्यात मोठा ट्राऊट लागला. हाताएवढा लांब, तांबूस, खालचा जबडा वाकडा झालेला म्हातारा नर. वीस मिनिटं झुंजवून त्याने तो होडीला आणला. जाळी हॉबच्या हातात होती. हॉबने ती पाण्यात घातली आणि जाळीची कड थरथरत दोरीला लागली. एकदा लागली, दुसऱ्यांदा लागली. गळ सुटला. मासा क्षणभर तिथंच राहिला, मग खाली गेला.

हॉबचे हात उन्हाळ्यापासून कापत होते. थंडीनं होतं, असं तो म्हणायचा, जुलैतही म्हणायचा. ओरिनला सगळं दिसत होतं आणि त्याने कधी विषय काढला नव्हता. त्या संध्याकाळी काढला.

"हात असे असतील तर माणसाने शेगडीपाशी बसावं," तो म्हणाला. "होडीत कशाला मिरवायचं?"

हॉबने जाळी खाली ठेवली. काठाला लागल्यावर त्याने होडी ओढायला, पालथी घालायला मदत केली, आपली गळाची काठी उचलली आणि पायवाटेने एकटाच वर गेला. मागे राहून कुलूप ओरिनने लावलं.

मग हिवाळा सुरू झाला. फोन हॉबने करावा असं ओरिनला वाटत होतं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. मार्चमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पॅनकेकची न्याहारी असते, सगळं गाव येतं, मेपलच्या झाडाच्या रसाचा नवा पाक निघतो, त्याची पहिली बरणी तिथंच उघडते. हॉब कोपऱ्यात बसला होता. ओरिन ताट घेऊन आत आला तसा तो उठला, अर्धं ताट तसंच टाकून निघून गेला.

"एवढ्याशा बोलण्यावरून," ओरिन घरी येऊन म्हणाला. "चार महिने तोंड फुगवून बसलाय."

"एवढंसं होतं तर चुकलं म्हणून मोकळा हो," आर्लीन म्हणाली.

"आधी त्याने म्हणावं."

"त्याने कशाबद्दल?"

ओरिनने टोपी घातली. तो पुलावर गेला.

आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोस्टातल्या ग्लॅडिसने गळांचं पाकीट त्याच्या हातात देताना सहज सांगितलं, "हॉबने पत्ता बदलल्याचा अर्ज दिलाय. साउथ कॅरोलिना, लेकीकडे. घर विकलंसुद्धा म्हणे. पुढच्या शनिवारी निघतोय. तुला माहीत असेलच म्हणा."

"माहीत आहे," ओरिन म्हणाला. त्याला काडीचंही माहीत नव्हतं. गाडीत येऊन बसल्यावर किल्ली फिरवायची त्याला सुचेना. एकतीस वर्षांचा दोस्त पुढच्या शनिवारी एक शब्द न बोलता निघून जाणार होता आणि मधे फक्त तो बर्फ होता. बर्फ गेला की हॉब येईल, त्याला यावंच लागेल, पहिला दिवस कसा चुकवेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. म्हणून तर चार-चार खेपा. आता बर्फ आठ दिवसांत गेला नाही तर हॉब आधी जाणार होता.

सोमवारी पाऊस आला आणि थांबला. मंगळवारी नुसतं धुकं. ओरिनने गळाच्या काठ्यांची रिळं तिसऱ्यांदा उघडून तेल घातलं, गॅरेज झाडलं, शेजारणीचं फाटक तिने न सांगता दुरुस्त केलं. बुधवारी दुपारी दक्षिणेचा वारा सुटला. ओरिन पुलावरच होता. बर्फाचा सगळा पत्रा एकदम सरकला, पूर्वेच्या काठावर चढला, काचा फुटल्यासारखा आवाज करत राहिला, आणि तासाभरात मधे काळंभोर, हलणारं पाणी दिसायला लागलं.

तो घरी येऊन फोनजवळ बसला. खरंच बसला, आर्लीन त्याला साक्ष आहे. फोन वाजला नाही.

गुरुवारी सकाळी त्याने काठी, माश्यांचा डबा आणि वल्ही गाडीत टाकली.

"एकटाच?" आर्लीनने विचारलं.

"त्याला यायचं नाही तर नाही. मी काय हातापाया पडू?"

"पडलास तरी चालेल," ती म्हणाली.

काठापर्यंतची पायवाट अर्ध्या मैलाची, झाडांतून उतरणारी. खाली अजून गुडघाभर बर्फ होता, म्हणून हिवाळाभर तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. या जलाशयाचे नियम कडक. पाणी शहराचं, ते पिणारी माणसं दूरची, आणि ज्यांची गावं त्यासाठी बुडाली त्यांच्या नातवंडांना त्यात मासे धरायची परवानगी आहे ती अटींवर. इंजिन नाही, वल्ही मारा. होडी आधी वाफेने धुवून तपासून घ्यायची, अंगावर नंबर रंगवून घ्यायचा, आणि मग ती काठावरच राहील, पालथी, झाडाला साखळीने बांधलेली. घरी नेलीत तर नंबर गेला. त्यामुळे काठाने मैलभर पालथ्या होड्या आणि साखळ्या.

ओरिन आणि हॉबची साखळी दोन कुलपांची होती. आमच्याकडे सामाईक फाटकाला असंच करतात. साखळीच्या एका टोकात एकाचं कुलूप, दुसऱ्या टोकात दुसऱ्याचं, आणि दोन कुलपांच्या कड्या एकमेकींत. ज्याला उघडायचं त्याने आपलं उघडावं, साखळी सुटते, दुसऱ्याच्या किल्लीवाचून अडत नाही. शिकारी मंडळाच्या फाटकावर अशी सात कुलपं एकात एक अडकवलेली आहेत. फक्त बंद करताना लक्ष ठेवायचं, की आपली कडी दुसऱ्याच्या कुलपातूनच जायला हवी. ती थेट साखळीत गेली तर साखळी बंद होते, पण दुसऱ्याचं कुलूप नुसतं लोंबत राहतं. तो माणूस येतो, किल्ली लावतो, कुलूप त्याच्या हातात येतं आणि साखळी होती तिथंच. चुकून झालं तरी ते मुद्दाम केल्यासारखंच दिसतं. एकेका फाटकावरून भाऊभाऊ वर्षानुवर्षं अबोल राहिलेत. ओरिनने बर्फाच्या गाडीवर असताना प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, गाडीतून खाली उतरून, हातात कुलूप देऊन.

त्याने बुटाने साखळीवरचा बर्फ बाजूला केला, किल्ली काढली आणि थांबला.

त्याचं कुलूप साखळीच्या दोन्ही टोकांतून गेलेलं होतं. स्वतःचं, लाल रंगाचा ठिपका लावलेलं. हॉबचं कुलूप त्याच्यात नव्हतं. ते साखळीतही नव्हतं. झाडाच्या एका मोडक्या फांदीच्या खुंटावर ते टांगलेलं होतं, उघडं, गंजलेलं, आणि त्यात किल्ली तशीच होती.

ओरिनला हे समजायला वेळ लागला नाही. त्या संध्याकाळी सुन्न बोटांनी, अंधारून आलेलं असताना, डोक्यात त्या माशाची तिडीक घेऊन, त्याने कडी हॉबच्या कुलपाशेजारून साखळीत घातली होती आणि दाबली होती. मग नंतर केव्हातरी, बर्फ पडायच्या आधी, हॉब इथं आला होता. आदल्या खेपेला त्याला होडीत बसू नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि या खेपेला त्याचं कुलूप बाहेर काढलेलं. हॉबने भांडण केलं नाही, चिठ्ठी ठेवली नाही. किल्लीसकट कुलूप फांदीवर टांगलं आणि घरी गेला. पाच महिने ते तिथं होतं. पाच महिने ओरिन पुलावरून बर्फ बघत होता, आणि हा काठ पुलावरून दिसतच नाही.

त्याने फांदीवरचं कुलूप काढलं. तो चढ अर्ध्या वेळात चढून गाडीशी पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती आणि कुलूप त्याच्या मुठीत होतं.

हॉबच्या घरात खोकी होती. दार हॉबने अर्धंच उघडलं. नोव्हेंबरच्या मानाने तो बारीक झाला होता, आणि उजवा हात त्याने खिशात ठेवला होता.

"काय?" तो म्हणाला.

ओरिनने मूठ उघडली. "हे मी केलंय."

"ते मला नोव्हेंबरपासून माहीत आहे."

"मुद्दाम नाही केलं."

हॉब कुलपाकडे बघत राहिला.

"हाताला बोटं नव्हती रे त्या दिवशी. दिसत नव्हतं. डोकं ठिकाणावर नव्हतं. तुझ्या कुलपात घालायची कडी साखळीत घातली. आज बघितलं मी ते. आत्ता."

"आख्ख्या जिल्ह्याला शिकवलंस ते."

"हो."

"ग्लॅडिसचा नवरा एकदा चुकला तर त्याला तू सगळ्यांसमोर झापलं होतंस."

"हो म्हटलं ना."

हॉबने दार पूर्ण उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. "मला वाटलं तू नीच झालास," तो म्हणाला. "हिवाळाभर बसून तोच विचार करत होतो, की हा माणूस इतका नीच कधी झाला, मला कसं कळलं नाही. तू बावळट असशील हे डोक्यातच आलं नाही बघ. आणि ते तर मला पहिल्यापासून माहीत होतं."

ओरिनला हसावं असं वाटलं, पण हॉब हसत नव्हता.

"मी एकटा आलो होतो," हॉब म्हणाला. "हंगामाच्या शेवटच्या रविवारी. म्हटलं, कुणी नसताना बघावं, जाळी धरता येते का. एक साधा बास काढावा आणि परत यावं. तर कुलूप हातात आलं."

ओरिन एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला. खिशातल्या किल्ल्या वाजल्या. त्याने त्या दाबून धरल्या.

"आणि हातांचं बोललास ते?" हॉबने विचारलं. "तेही अंधारात चुकून साखळीत गेलं?"

"नाही. ते मुद्दाम बोललो."

"हां."

"मासा गेला म्हणून बोललो. तुला लागावं म्हणून बोललो. त्या दिवसापासून एक दिवस असा गेला नाही की मला त्याची लाज वाटली नाही. आर्लीनला विचार. नको, तिला विचारू नको, ती जास्त सांगेल." त्याने टोपी काढली. "चुकलं माझं, हॉब."

हॉबने खिशातला हात बाहेर काढला आणि कुलूप घेतलं. कुलूप त्याच्या बोटांत किणकिणत राहिलं, ते त्याने लपवलं नाही.

"बर्फ गेला?"

"काल दुपारी. दक्षिणेच्या वाऱ्याने."

"मग इथं काय करतोयस?" हॉब म्हणाला. "माझे बूट त्या तिसऱ्या खोक्यात आहेत. वरची पट्टी टाक फाडून."

होडी सरळ करायला दोघं असलेले बरे, ती पोलादी आहे आणि तिच्यात एकतीस वर्षांची डागडुजी आहे. पाणी हाताला चावत होतं. वल्ही आजवर हॉब मारायचा. आज ओरिनने काही न विचारता ती घेतली, आणि होडीचं तोंड ओढ्याकडे न वळवता डावीकडे वळवलं.

"ट्राऊट तिकडे आहेत," हॉब म्हणाला.

"मला माहीत आहे ट्राऊट कुठे आहेत."

भिंतीवर ऊन पडलं होतं. पाणी काळं होतं, तरी दोन हात खाली दगडांची फिकट रेघ दिसत होती. हॉबने माशी काढली आणि दोरी तिच्या नेढ्यातून घालू लागला. दोरीचं टोक नेढ्याच्या डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. चौथ्यांदा चुकलं तसा ओरिनचा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने माशी ओढून घेतली. बांधूनही झाली, तेव्हा त्याला कळलं आपण काय केलं.

"राहू दे," हॉब म्हणाला. "नाहीतर तू पाण्यात उडी घेतली असतीस."

हॉबने काठी फिरवली. पहिली फेक लांब गेली नाही, दुसरी गेली. हात कापत होते, पण फेकीचं काम खांद्याने होतं आणि खांदा अजून त्याचाच होता. त्याने दोरी बुडू दिली, थांबला, वीतभर ओढली, परत थांबला. या दिवसांत बास मागे धावत नाही, त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवावं लागतं आणि मग त्याची मर्जी. ओरिन वल्ह्याने होडी जागच्या जागी धरून बसला. पंधरा मिनिटं झाली. त्याचा पाय हलायला लागला, तो त्याने दुसऱ्या पायाखाली दाबला. अर्धा तास झाला. काठीवरच्या दोरीच्या कड्यांत बर्फ धरत होता, हॉब त्या कड्या तोंडात धरून तो वितळवत होता.

"चल म्हणणार नाहीस?" हॉबने न वळता विचारलं.

"कुठे?"

"मला वाटलं तब्येत बिघडली तुझी."

तासाच्या आसपास दोरी थांबली. हॉबला वाटलं दगड. मग दगड हलला. बास दीड-दोन पौंडांचा असेल, थंडीने सुस्त, फार भांडला नाही. जाळी ओरिनकडे होती. त्याने ती हॉबपुढे धरली. हॉबने त्याच्याकडे बघितलं, जाळीकडे बघितलं, आणि ती घेतली नाही.

"तू काढ," तो म्हणाला. "मला मासा पाहिजे, परीक्षा नको."

ओरिनने काढला. हॉबने तो ओल्या हातात थोडा वेळ धरला, भिंतीवर परत सोडला, आणि बराच वेळ पाण्यात बघत राहिला. खाली त्याच्या आजोबांचे दगड होते. मग म्हणाला की बसून बसून पाठ धरली, आता तुझे ट्राऊट बघू. ओढ्याच्या तोंडाशी ओरिनला काहीही लागलं नाही. पावणेदोनशेपैकी बारा माश्या त्याने बदलल्या. हॉब थर्मासातली कॉफी पीत सांगत होता की तेरावी लाव, तेरावीला नक्की लागेल, आणि पाच महिन्यांचं साठलेलं सगळं टोचून बोलत होता. ओरिन ऐकून घेत होता. इतका बरा दिवस त्याला बऱ्याच काळात मिळाला नव्हता, आणि परवा शनिवार होता.

ऊन डोंगराआड गेलं तशी त्यांनी होडी ओढली, पालथी घातली. ओरिनने साखळी होडीच्या कडीतून, झाडाभोवतून घेतली. आपलं कुलूप एका टोकात घालून बंद केलं. दुसरं टोक त्याने हॉबच्या हातात दिलं आणि मागे सरकला.

"तू लाव," तो म्हणाला.

हॉबने गंजलेलं कुलूप घेतलं. आधी ते साखळीच्या शेवटच्या कडीतून घालायचं होतं, मग लाल ठिपक्याच्या कुलपातून. साखळीतून गेलं. मग ते दुसऱ्या कुलपावर आपटलं, घसरलं, बाहेर आलं. परत. लोखंडावर लोखंडाचा बारीक आवाज होत राहिला. हॉबने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तसंही जमेना, हात बदलला. कुलूप खाली बर्फात पडलं. त्याने वाकून ते शोधलं, पँटला पुसलं, पुन्हा सुरुवात केली.

ओरिनने दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले होते आणि मुठी आवळल्या होत्या. एका क्षणाचं काम होतं. त्याचे खांदे दुखायला लागले. पाय थंडीने बधिर झाले, ते त्याने हलवले नाहीत. किल्ल्या वाजल्या नाहीत. तो पाण्याकडे बघत उभा राहिला आणि हॉब करत राहिला, आणि पाण्यावरचा उजेड जायला लागला.

शेवटी कडी आत गेली. हॉबने कुलूप दाबलं, ते बसलं. त्याने साखळीला दोन हिसके देऊन बघितले. मग किल्ली काढली.

ती तो फांदीवर टांगेल असं ओरिनला वाटलं होतं. हॉबने खिशातून किल्ल्यांचं कडं काढलं. त्यात घराची, गोठ्याची, ट्रॅक्टरची अशा किल्ल्या होत्या, सगळ्या दोन दिवसांत नव्या मालकाकडे जाणार होत्या. त्यांच्यात त्याने ही घालायला घेतली, त्यालाही वेळ लागला, आणि ओरिन त्यालाही थांबला.

शनिवारी हॉब गेला. कड्यात एकच किल्ली उरली होती, आणि साउथ कॅरोलिनात तिने उघडेल असं काहीही नाही.

जूनमध्ये ओरिन गॅरेजमध्ये तेलाची बाटली शोधत होता. कशाला, असं आर्लीनने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, हॉबचं कुलूप गंजलंय.

"ते आता कोण उघडणार आहे?" ती म्हणाली.

"गंजलं तर कुणालाच उघडता येणार नाही," ओरिन म्हणाला, आणि बाटली सापडल्यावर चालत खाली काठाकडे गेला.